मोठ्या जातीच्या कुत्र्यांची निगा

नालासोपाऱ्याजवळच्या प्राचीन शूर्पारक नगरीच्या परिसरात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांस सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. तो आठव्या लेखाचा होता. पुढे १९५६ साली भुईगाव येथे नवव्या लेखाचाही तुकडा हाती आला. याच लेखमालेतील दुसरा लेख गिरनार आदी स्थळी वाचावयास मिळतो. आपण दोन प्रकारच्या चिकित्सेची तजवीज केली आहे, एक माणसांची आणि दुसरी जनावरांची, असे अशोकाने त्यात नमूद केले आहे. ज्या राजाची आज्ञा सव्वादोन हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर कोरली गेली, त्यास जनावरांचे औषधपाणी हे राज्यकारभाराचे अंग वाटत होते. आज त्याच किनाऱ्यावर वसलेल्या वसई-विरार शहरात हे कर्तव्य राजाकडून गृहस्थाकडे आले आहे, आणि विशेषतः ज्या घरी मोठ्या जातीचा कुत्रा आहे त्या घराकडे ते बरेच जड होऊन आले आहे.

वसई-विरारची महानगरपालिका २००९ साली स्थापन झाली आणि २०१४ साली ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात या शहराचा समावेश झाला. पश्चिमेस अर्नाळा, आगाशी, गास, भुईगाव या बाजूच्या नारळी-केळीच्या वाड्या, आणि लोहमार्गाच्या दोहों बाजूंस दाटीने उभ्या असलेल्या इमारती, अशी या शहराची दोन रूपे आहेत. मोठा कुत्रा या दोन्ही रूपांत दिसतो. वाडीच्या फाटकाशी जर्मन शेफर्ड, म्हणजे जुन्या पिढीचा अल्सेशियन, राखणीस असतो. इमारतीच्या गॅलरीतून लॅब्रॅडॉर किंवा रॉटवायलर रस्ता न्याहाळत असतो. आणि क्वचित एखाद्या हौशी घरी ग्रेट डेन वा सेंट बर्नार्डही आढळतो. हौस दांडगी असण्यास हरकत नाही. मात्र जनावर दांडगे म्हणजे त्याची प्रकृतीही दांडगी, असा जो समज या हौशीबरोबर घरात शिरतो, तो त्या मुक्या जिवास महाग पडतो.

सृष्टीत सामान्यतः मोठा प्राणी दीर्घायुषी असतो. उंदराचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे, तर हत्ती साठीपर्यंत सहज पोचतो. कुत्र्यांच्या जातींत मात्र हा न्याय उलटा आहे. लहान चणीचा कुत्रा तेरा-चौदा, कधी पंधरा वर्षे जगतो. ग्रेट डेन सात ते दहा वर्षांत थकतो. जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठाच्या संशोधक कॉर्नेलिया क्राउस यांनी सहकाऱ्यांसह २०१३ साली अनेक जातींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा कुत्र्याच्या देहाच्या वजनातील दर २ किलोमागे त्याच्या आयुष्यातील सुमारे एक महिना कमी होतो, असे प्रमाण त्यांना आढळले. मोठा कुत्रा म्हातारपणास उशिरा लागतो असे नव्हे. तो लवकर लागतो आणि वेगाने ढासळतो. म्हणून त्याच्या वाट्याची जी थोडकी वर्षे आहेत, त्यांतील एखाद-दुसरे वर्ष वाचविणे किंवा गमावणे हे पुष्कळ अंशी पाळणाऱ्याच्या हाती राहते.

हे वाचविण्याचे साधन कोणते? बहुतेक घरांत याचे उत्तर ‘भरपूर खाऊ घालणे’ असेच मिळेल. खरे उत्तर याच्या अगदी विरुद्ध आहे. अमेरिकेत १९८७ पासून पुढे ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांवर त्यांच्या संपूर्ण आयुष्यभर एक प्रयोग चालविण्यात आला. एकाच वेतातील पिल्लांच्या जोड्या लावल्या गेल्या; जोडीतील एकास जेवढे अन्न, त्याच्या तीन चतुर्थांश दुसऱ्यास, असा नेम ठेवला. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पोटभर खाणाऱ्यांचे मध्यम आयुष्य ११.२ वर्षे भरले, तर मोजके खाणाऱ्यांचे १३ वर्षे. एवढेच नव्हे, तर संधिवातासाठी औषध सुरू करण्याची वेळ मोजके खाणाऱ्यांवर कित्येक वर्षे उशिरा आली. अन्न तेच, घर तेच, रक्तही तेच. फरक काय तो ताटातील चौथ्या हिश्शाचा. ‘अति तेथे माती’ ही म्हण कुत्र्याच्या ताटालाही लागू आहे, याचा याहून स्पष्ट दाखला शोधावयास नको.

ही काळजी पिल्लू घरी येते त्या दिवसापासूनच घ्यावी लागते. ग्रेट डेनचे पिल्लू जन्मतः जेमतेम अर्धा किलोचे असते आणि दीड-दोन वर्षांत पन्नास-साठ किलोंचे होते. एवढी झपाट्याची वाढ हाडांस व सांध्यांस मुळातच ओझे असते. त्यात घरातील मंडळींस पिल्लू आणखी लवकर मोठे व्हावे असे वाटते, आणि मग दूध, तूप, अंडी यांचा भडिमार सुरू होतो. ‘पी हळद आणि हो गोरी’ असा हा प्रकार. पिल्लू लवकर वाढते खरे, परंतु त्याच्या पायांची हाडे पुरती तयार होण्याआधीच त्यांवर मोठ्या देहाचा भार पडतो. मोठ्या जातीचे पिल्लू सावकाश वाढले तरी अखेरीस त्याची उंची जातीप्रमाणे व्हायची तेवढीच होते. हळू वाढण्याने त्याचे काही बुडत नाही.

या भडिमारात सर्वांत घातक वस्तू म्हणजे कॅल्शियमची बाटली. हाडे बळकट व्हावीत म्हणून पिल्लास कॅल्शियमचे औषध पाजण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. नेदरलँड्समधील उत्रेख्त विद्यापीठात १९८० च्या दशकात ग्रेट डेन पिल्लांस गरजेच्या सुमारे तिप्पट कॅल्शियम देऊन पाहण्यात आले, तेव्हा त्यांच्या हाडांची व कूर्चांची वाढ बिघडली. कारण असे की, मोठ्या कुत्र्यास नको असलेले कॅल्शियम आतड्यातच अडविता येते. लहान पिल्लास ती शक्ती पुरती आलेली नसते. जेवढे पोटात जाईल त्याचा बराचसा भाग ते शोषून घेते आणि तो हाडांत जाऊन बसतो. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी बनविलेल्या तयार खाद्यात कॅल्शियम मोजून घातलेले असते, ते कोरड्या वजनाच्या साधारण एक टक्का. त्यावर आणखी औषध पाजणे म्हणजे मोजमाप मोडणे होय. उलट घरी शिजविलेल्या नुसत्या भात-मांसात कॅल्शियम फारच कमी आणि फॉस्फरस अधिक असतो. अशा घरी पूरक द्रव्य द्यावेच लागते, परंतु किती द्यावे हे पशुवैद्याने पिल्लाच्या वजनावरून ठरवावयाचे. दुकानदाराने किंवा शेजाऱ्याने नव्हे.

अन्न मोजून द्यावयाचे तर ते पुरेसे आहे की नाही हे ओळखावे कसे? त्यास तराजूपेक्षा हात अधिक उपयोगी. कुत्र्याच्या बरगड्यांवरून तळहात फिरविला असता त्या सहज हातास लागाव्यात, मात्र दुरून दिसून येऊ नयेत. वरून पाहिले असता बरगड्यांच्या मागे कंबर दिसावी. बाजूने पाहिले असता पोट मागे वर गेलेले असावे. कुत्रा पिंपासारखा सरळ दिसू लागला म्हणजे ताटातील अन्न कमी करण्याची वेळ झाली. पाहुण्यांच्या हातची बिस्किटे, मुलांनी टाकलेली पोळी, जेवणानंतरचा उष्टा भात, हे सारे त्याच दिवसाच्या हिशेबात धरावे. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे व चॉकलेट ही कुत्र्यास विषवत आहेत, म्हणून मसाल्याच्या रश्श्यात कालविलेला भात त्यास देऊ नये. शिजविलेल्या कोंबडीचे हाड फुटून टोकदार होते व आतड्यास इजा करते. किनाऱ्यावरील घरांत मासळी रोजचीच. ती देण्यास हरकत नाही, परंतु काटे काढून, आणि खारविलेली मुळीच नको.

अन्नाच्या खालोखाल महत्त्व जमिनीचे. आजच्या सदनिकांतील गुळगुळीत लादी माणसास शोभेची वाटते. वाढत्या पिल्लाचे पाय तीवर चारी दिशांस घसरतात. जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडॉर, रॉटवायलर, सेंट बर्नार्ड या जातींत मांडीच्या सांध्याची खोबण उथळ असण्याचा दोष आनुवंशिक आहे. तो जन्मतः पूर्णपणे दिसत नाही. वाढीच्या वयात वाढलेले वजन आणि घसरती जमीन यांनी तो बळावतो. म्हणून पिल्लाच्या वावरण्याच्या जागी काथ्याची चटई किंवा गोणपाट अंथरावे. चार मजली इमारतीस लिफ्ट नसेल तर पहिले काही महिने पिल्लास जिन्यावरून उचलून न्यावे. उडी मारून चेंडू झेलणे, मोटारसायकलीबरोबर धावविणे, असले खेळ हाडांची वाढ पुरी होईपर्यंत, म्हणजे सुमारे दीड वर्ष, दूर ठेवावेत. निजण्यास जाड गोधडी हवी; जड कुत्रा उघड्या लादीवर कोपरे टेकून निजला की तेथील कातडी घट्ट पडून पुढे तेथे जखमा होतात. पिल्लू विकत घेतानाच त्याच्या आईबापांच्या सांध्यांची क्ष-किरण तपासणी झाली आहे काय, हे विचारावे. विकणारा या प्रश्नावर हसला, तर तेथून परत फिरणे हे शहाणपणाचे.

वंध्यीकरणाचा प्रश्नही याच अनुषंगाने येतो. ते करू नये असे मुळीच नाही. वंध्यीकरण न केलेल्या मादीस उतारवयात गर्भाशयात पू होण्याचे दुखणे जडते व ते जिवावर बेतते. प्रश्न वेळेचा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेने २०१३ साली गोल्डन रिट्रीव्हर जातीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एक वर्षाच्या आत वंध्यीकरण झालेल्यांत सांध्यांचे विकार अधिक आढळले. हाडांची वाढ थांबविण्याचा इशारा ज्या स्रावांकडून मिळतो, तेच या शस्त्रक्रियेने लवकर बंद पडतात. तेव्हा जात, लिंग व घरची परिस्थिती पाहून पशुवैद्याशी बोलून वय ठरवावे.

आता हवेचा विचार. या किनाऱ्याची हवा उष्णही आहे आणि दमटही. आणि मोठ्या कुत्र्यास या दोहोंपैकी दमटपणा अधिक जाचतो. माणसाचा घाम सर्वांगावरून वाळतो व अंग निवते. कुत्र्यास घाम येतो तो जवळजवळ पंजांच्या तळव्यांपुरताच. त्याचे अंग निवण्याचा मुख्य मार्ग म्हणजे धापा टाकून जिभेवरील व तोंडातील ओलावा वाळविणे. हवाच पाण्याने भरलेली असली की हा ओलावा वाळत नाही, आणि कुत्रा कितीही धापा टाको, अंग तापतच जाते. देह मोठा असला की आत उष्णता अधिक निर्माण होते व बाहेर पडावयास कातडीचे क्षेत्र त्या मानाने कमी पडते. म्हणून वैशाखात पुण्या-सोलापूरचे ऊन अधिक कडक असले तरी वसईचा ढगाळ, कोंदट दिवस सेंट बर्नार्डास कमी धोक्याचा समजू नये.

कुत्र्याच्या देहाचे स्वाभाविक उष्णतामान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. ते १०६ च्या वर गेले की उष्माघात समजावा. अतिशय धापा, दाट लाळ, लालभडक हिरड्या, पावलांचा झोक जाणे, ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी आधी थंड करावे आणि मग दवाखान्याकडे न्यावे. सावलीत आणून सर्वांगावर नळाचे पाणी सतत ओतावे, पंखा लावावा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नये. तो थोड्याच वेळात गरम होऊन उष्णता आत कोंडतो. शुद्धीवर असल्यास थोडे थोडे पाणी पिऊ द्यावे, बळेच घशात ओतू नये. हे संकट टाळण्याचा मार्ग सोपा आहे. फिरणे पहाटे किंवा दिवेलागणीनंतर असावे; राजोडी, कळंब, अर्नाळा येथील ओली वाळू त्यास उत्तम, कारण ती पायांस मऊ व थंड असते. समुद्राचे पाणी मात्र पिऊ देऊ नये, त्याने जुलाब होतात, म्हणून पिण्याचे पाणी बरोबर न्यावे. लांब केसांच्या कुत्र्याची हजामत करणे हा उन्हाळ्याचा उपाय नव्हे. त्याचे दुपदरी केस ऊनही अडवितात. ते रोज विंचरून आतील मेलेली लव काढावी म्हणजे हवा खेळती राहते.

मग येतो पावसाळा. २०१८ च्या जुलैत वसई, नालासोपारा आणि विरार यांची जी दशा झाली, रुळांवर पाणी चढून गाड्या थांबल्या, ती येथील रहिवाशांस विसरता येण्याजोगी नाही. तुंबलेले पाणी ओसरते, परंतु ते उंदरांचे मूत्र गल्लोगल्ली पसरवून जाते, आणि त्याबरोबर लेप्टोस्पायरोसिस या रोगाचे जंतू. अशा पाण्यातून चाललेल्या कुत्र्यास पंजाच्या लहानशा चिरेतूनही तो जडतो. वसईच्या वाड्यांत जी जुनी गोड्या पाण्याची बावखले आहेत, त्यांतही साचलेल्या पाण्यात उड्या मारू देण्याचा मोह आवरावा. ताप, अन्नावरची वासना जाणे, डोळे पिवळे पडणे, लघवी कमी होणे अशी लक्षणे दिसताच उपचार हवेत, कारण हा रोग मूत्रपिंड व यकृत निकामी करतो. शिवाय तो कुत्र्यापासून माणसासही होतो. आजारी कुत्र्याची लघवी हातमोजे घालूनच साफ करावी. या रोगाची लस दर वर्षी टोचावी लागते, आणि ती पाऊस सुरू होण्याआधी टोचली तरच तिचा खरा उपयोग.

पावसाच्या ओलाव्याबरोबर गोचीडही माजतात. गोचीड नुसते रक्त पितात एवढेच असते तर त्यांचे फारसे भय नव्हते. ते जाता जाता रक्तात परोपजीवी सोडून जातात, व त्यापासून जो ताप येतो त्यास सामान्यतः ‘टिक फीवर’ म्हणतात. जर्मन शेफर्डमध्ये त्याचा एक प्रकार विशेष उग्र रूप धारण करतो. कुत्रा एकाएकी मलूल होतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येते. रक्त तपासून वेळीच औषध दिल्यास बहुतेक कुत्रे वाचतात. ‘दोन दिवस वाट पाहू’ म्हणणाऱ्या घरचे वाचतीलच असे नाही. गोचीड कुत्र्याच्या अंगावर थोडे आणि भिंतीच्या भेगांत, पायपुसण्याखाली, गोधडीच्या शिवणीत पुष्कळ असतात, म्हणून औषध कुत्र्यास आणि सफाई घरास, असे दोन्ही एकदमच करावे. बाहेरून आल्यावर बोटांच्या बेचक्या, कानांच्या पाळ्यांची आतली बाजू आणि शेपटीखालचा भाग रोज चाचपावा व कोरडा करावा. लॅब्रॅडॉरसारख्या लोंबत्या कानांच्या कुत्र्यास पावसाळ्यात कान पिकण्याचे दुखणे फार.

लसींचा क्रम सर्व कुत्र्यांस सारखाच असला तरी दोन गोष्टी येथे सांगावयास हव्यात. पार्व्हो या रक्ती अतिसाराच्या रोगास रॉटवायलर व डॉबरमन यांची पिल्ले अधिक बळी पडतात. त्याची लस सहा-आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू करून चार महिन्यांपर्यंत पुन्हा पुन्हा टोचावी लागते, आणि हा क्रम पुरा होईपर्यंत पिल्लास रस्त्यावर फिरविणे टाळावे. दुसरी गोष्ट पिसाळण्याच्या रोगाची. लुई पाश्चर यांनी १८८५ साली त्यावर माणसास लस टोचून दाखविली, तरी एकदा लक्षणे उमटली की आजही हा रोग बरा होत नाही. पिल्लू तीन महिन्यांचे होताच ही लस द्यावी व पुढे दर वर्षी चुकवू नये. पन्नास किलोंचा कुत्रा ज्या घरी आहे, त्या घराची ही शेजाऱ्यांप्रति पहिली जबाबदारी आहे.

‘दुखणे हत्तीच्या पायाने येते आणि मुंगीच्या पायाने जाते’ असे म्हणतात. मोठ्या कुत्र्यांचे एक दुखणे मात्र असे आहे की त्यास काही तासांत आवरले नाही तर जाण्यास तो रोगीच उरत नाही. ते म्हणजे जठर फुगून पीळ पडणे. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, जर्मन शेफर्ड अशा खोल छातीच्या जातींत जठर वायूने फुगते आणि स्वतःभोवती फिरते. दोन्ही तोंडे बंद होतात, रक्ताचा पुरवठा तुटतो आणि कुत्रा झपाट्याने खचतो. ओकारीचे उमाळे येतात परंतु बाहेर काही पडत नाही. पोट डाव्या-उजव्या बाजूंस ढोलासारखे ताठ होते. कुत्रा बसत नाही, उठत नाही, नुसता येरझारा घालतो. हे दिसले की ओवा, हिंग, सोड्याचे पाणी असले घरगुती उपाय करण्यात एक क्षणही दवडू नये. यावर शस्त्रक्रियेवाचून उपाय नाही.

आणि येथेच वसई-विरारच्या रहिवाशाने नकाशा पाहावयास हवा. जनावरांच्या चिकित्सेची जुनी पीठे मुंबईस परळ येथे आहेत. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून त्यांच्या पत्नीच्या नावाने उभे राहिलेले बाई साकरबाई रुग्णालय १८८३ मधले, आणि त्याच आवारात निघालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मधले. २०२४ साली महालक्ष्मी येथे टाटा न्यासाचे कुत्र्या-मांजरांसाठीचे मोठे रुग्णालयही सुरू झाले. परंतु चर्चगेटपासून वसई रोड स्थानक सुमारे ५२ किलोमीटर व विरार ६० किलोमीटर दूर. लोकलच्या गर्दीत आजारी ग्रेट डेन नेता येत नाही, आणि मुंबई-अहमदाबाद महामार्गावर खाडीपुलाच्या अलीकडे वाहने कशी खोळंबतात हे येथील कोणासही सांगावयास नको. जे दुखणे तास मोजते, त्यासाठी अंतर आधीच मोजून ठेवले पाहिजे. आपल्या नजीकच्या कोणत्या दवाखान्यात रात्री-बेरात्री पोटाची शस्त्रक्रिया होऊ शकते, याची चौकशी कुत्रा धडधाकट असतानाच करावी. वाहन कोणाचे मिळेल हे ठरवून ठेवावे. जिन्यावरून उतरविण्यासाठी जाड चादरीची झोळी करून चौघांनी चार कोपरे धरावेत, एवढी साधी गोष्टही घरच्यांस ठाऊक नसल्याने मोलाची वीस मिनिटे जातात.

हे संकट येऊच नये म्हणून दिवसाचे अन्न एकदाच न देता दोन-तीन वेळांत विभागावे. अधाशीपणाने गिळणाऱ्याच्या ताटात मधोमध एक वाटी पालथी घालावी, म्हणजे तो हळू खातो. जेवणाच्या आधी व नंतर तासभर धावणे-खेळणे बंद ठेवावे. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे जठर पोटाच्या भिंतीस टाके घालून बांधून ठेवण्याची शस्त्रक्रिया. ती वंध्यीकरणाच्या वेळीच करून घेता येते. अशा जातीचा कुत्रा दूरच्या उपनगरात पाळणाऱ्याने हा प्रश्न पशुवैद्यास अवश्य विचारावा.

उतारवयातील एका लक्षणाकडे विशेष लक्ष असावे. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातील ‘जंजीर’ नावाचा लॅब्रॅडॉर १९९३ च्या स्फोटांनंतरच्या शोधकार्यात प्रसिद्धीस आला. त्याने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स हुंगून काढले असे सांगतात. २००० साली तो हाडांच्या कर्करोगाने गेला. हा रोग मोठ्या जातींचाच म्हणावा इतका त्यांत अधिक आढळतो, आणि त्याची सुरुवात बहुधा एका पायाच्या लंगडण्याने होते. सहा-सात वर्षांचा मोठा कुत्रा आठवडाभर लंगडत राहिला तर ‘मुरगळला असेल’ म्हणून तेल चोळीत बसू नये. क्ष-किरण छायाचित्र काढावे. माणसांच्या दुखण्यावरील गोळ्या, पॅरासिटामॉल असो वा आयबुप्रोफेन, स्वतःच्या मनाने कुत्र्यास कधीही देऊ नयेत. त्यांनी यकृत, जठर व मूत्रपिंड यांस इजा होते.

ज्या घरी अद्याप कुत्रा आणावयाचा आहे, त्यांनी एक विचार अवश्य करावा. दख्खनच्या पठारावर कारवानी नावाचे उंच, सडपातळ शिकारी कुत्रे पिढ्यान् पिढ्या आहेत. मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजघराण्याने त्यांची जोपासना केली, त्यावरून त्यांस मुधोळ हाउंड हे नावही मिळाले, आणि २००५ साली टपाल खात्याने त्यांचे चित्र असलेले तिकीट काढले. तोकडे केस, हलका देह आणि उन्हाची सवय, यांमुळे आल्प्स पर्वताच्या बर्फात घडलेल्या सेंट बर्नार्डाहून ते येथील हवेस अधिक मानवतात. मात्र त्यांस धावण्यास मोकळे रान लागते. वाडी असलेल्या घरास ते साजतील, दोन खोल्यांच्या घरात कोंडले तर तेही कुढतील. शिवाय कोणतीही मोठी जात घेतली तरी औषधाची मात्रा वजनावर ठरते हे ध्यानी असावे. गोचिडाची गोळी, भुलीचे औषध, शस्त्रक्रिया, साऱ्यांचा खर्च कुत्र्याच्या वजनाबरोबर चढतो. हा हिशेब पिल्लू आणण्यापूर्वी मांडावा, आजारपणात नव्हे.

सारांश एवढाच की, मोठ्या कुत्र्याच्या संगोपनात उदारतेपेक्षा बेताचे महत्त्व अधिक आहे. अन्न बेताचे, वाढ बेताची, उन्हात फिरणे बेताचे. सढळ हात हवा तो स्वच्छतेत, देखरेखीत आणि वेळेवर दवाखाना गाठण्यात. घरातील दिनदर्शिकेवर चैत्रात रक्ततपासणी, वैशाखात लेप्टोस्पायरोसिसची लस, ज्येष्ठापासून गोचिडांचे औषध, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बरगड्यांवरून हात फिरविणे, एवढ्या चार नोंदी करून ठेवल्या तरी अर्धे काम झाले. त्या चार नोंदी पाळणाऱ्या घरचा लॅब्रॅडॉर बाराव्या-तेराव्या वर्षीही पहाटे धन्यामागून हळूहळू का होईना, परंतु आपल्या पायांनी, वाळूवर फिरावयास जाईल.